संसाराची वळणे आणि मिळकतीची व्यवस्था
(महाजनांच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवस्थानचा कारभार एका समितीकडून दुसऱ्या समितीकडे जातो, तेव्हा प्रथम काय घडते, हे या सभेला ठाऊक आहे. देवस्थानच्या जिनसांची यादी बाहेर काढली जाते. दागिने, पालखी, समया, तांब्यापितळेची भांडी, जमिनी, ठेवी या सर्वांची नोंद एकेक करून पडताळली जाते, आणि मगच नवा खजिनदार किल्ल्या हाती घेतो. १९३३ सालच्या माझनी नियमावलीने ही शिस्त घालून दिली आणि महाजनांनी ती आजवर पाळली. महाजनांच्या नावांचा कातालोग, मिळकतीचा तोंब, वर्षाचे अंदाजपत्रक यांवाचून देवस्थानाचे पान हलत नाही.

परंतु हाच महाजन आपल्या घरी परतला म्हणजे चित्र पालटते. घरची मिळकत किती, ती कोणाच्या नावावर आहे, कागद कोठे आहेत, उद्या आपल्यामागे ती कोणाकडे जाईल, या प्रश्नांची उत्तरे पुष्कळ घरांत एकाच माणसाच्या डोक्यात असतात. तो माणूस गेला की उत्तरेही त्याच्याबरोबर जातात. ‘हयातीत वाटणीची भाषा अभद्र’ ही समजूत तर घरोघरी आहे. वस्तुतः अभद्र असे काही असेल तर ते माणसाच्या मागे त्याच्या लेकरांनी कोर्टाची पायरी चढणे हे होय. म्हणून संसाराच्या प्रत्येक मोठ्या वळणावर मिळकतीचे काय होते आणि तेथे कोणता कागद करून ठेवावा लागतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

गोव्यातील मंडळींना या बाबतीत एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. येथील कौटुंबिक कायदा शेजारच्या प्रांतांहून निराळा आहे. १८६७ सालची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १ जुलै १८७० पासून अमलात आली. १९६१ साली गोवा मुक्त झाला, १९६२ च्या कायद्याने येथील तत्कालीन कायदे पुढे चालू ठेवले, आणि विवाह, संपत्ती व वारसा यांविषयीची ही व्यवस्था टिकून राहिली. वारसा, मृत्युपत्र आणि वाटणी यांविषयीचा भाग पुढे गोव्याच्या विधानसभेने २०१२ च्या कायद्यात नव्याने मांडला व तो डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. हा कायदा हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान असा भेद सामान्यतः करीत नाही.

या व्यवस्थेचे दोन आधारस्तंभ आहेत. पहिला असा की, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची सर्व मिळकत एक होते. लग्नाआधीची, लग्नानंतरची, कमावलेली, वारशाने आलेली, अशा सर्वांत दोघांचा समान अर्धा वाटा असतो. दुसरा असा की, मुले किंवा आईवडील हयात असताना माणसाला आपली सारी मिळकत मन मानेल त्यास देता येत नाही. मुलांच्या बाबतीत अर्धा भाग राखीव असतो. जुन्या भाषेत त्याला ‘लेजितिमा’ म्हणत. उरलेला अर्धा तेवढा मोकळा. हे दोन नियम ज्याला नीट कळले, त्याला पुढचे सारे सोपे जाते.

आता पहिले वळण विवाहाचे. मंडपातील विधी कितीही थाटाने झाला, तरी येथे कायद्याच्या दृष्टीने महत्त्व नागरी नोंदणीचे आहे. लग्न देवळात लागले आणि नोंदणी ‘पुढे करू’ म्हणून राहिली, तर पुढे पत्नीला आपले पत्नीपण आणि आपला अर्धा वाटा दोन्ही सिद्ध करीत बसावे लागते. मिळकती वेगळ्या ठेवावयाच्या असतील, तर तो करार विवाहापूर्वीच नोटरीपुढे झाला पाहिजे. मागाहून पद्धत बदलता येत नाही. असा करार म्हणजे अविश्वास नव्हे. वराचा व्यापार कर्जाच्या जोखमीचा असेल, किंवा एखाद्याचा दुसरा विवाह असून पहिल्या संसाराची मुले असतील, तर त्याचा विचार अवश्य करावा. परंतु बहुसंख्य घरांत करार नसतो. म्हणजेच तेथे पत्नी ही अर्ध्या घराची मालकीण असते, आणि कित्येकदा तिला स्वतःलाच ते ठाऊक नसते. पतीला एकट्याच्या सहीने घर किंवा जमीन विकता येत नाही. आयकर कायदासुद्धा अशा दांपत्याचे पगाराव्यतिरिक्त उत्पन्न दोघांत अर्धे अर्धे धरतो. सरकार ज्या गोष्टीची दखल घेते, तिची दखल घरानेही घेतली पाहिजे.

दुसरे वळण संततीचे. येथे एक हिशेब मांडून पाहणे बरे. एका दांपत्याची घर, काजूची बाग आणि बँकेतील ठेवी मिळून एक कोटी वीस लाखांची मिळकत आहे व तीन मुले आहेत. पती निवर्तला. लोक म्हणतात, ‘एक कोटी वीस लाखांचे चार वाटे करा.’ हे चूक आहे. त्यांतील साठ लाख मुळातच पत्नीचे आहेत. ते तिला वारशाने मिळत नाहीत, विवाहाने तिचेच होते. पतीचा वारसा केवळ उरलेल्या साठ लाखांचा. मृत्युपत्र नसेल तर तीन मुलांना प्रत्येकी वीस लाख येतात. मुलगा आणि मुलगी असा फरक नाही. मृत्युपत्र असेल, तर साठांपैकी तीस लाख राखीव म्हणून मुलांना प्रत्येकी दहा लाख मिळतातच. बाकीचे तीस लाख पतीला पाहिजे त्यास देता येतात. ते त्याने पत्नीला दिले, तर तिच्याकडे नव्वद लाख राहतात आणि म्हातारपणी तिला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. अपंग मुलासाठी किंवा आईवडिलांची सेवा केलेल्या मुलीसाठी अधिक तरतूद करावयाची असेल, तर तीही या मोकळ्या भागातूनच करता येते. हा मोकळा भाग वापरलाच नाही, तर कायदा आपला ठराविक साचा लावतो. कायद्याला घरातील कोणाची गरज अधिक, हे कळत नाही.

तिसरी स्थिती अपत्यहीन दांपत्याची. आजच्या विषयातील सर्वांत काळजी करण्याजोगी बाब हीच आहे आणि तिच्याविषयीच अज्ञान फार. एक कल्पित घर डोळ्यांपुढे आणावे. पती शाळेत शिक्षक होता, पत्नीने शिवणकाम करून घराला हातभार लावला. दोघांनी तीस वर्षांच्या बचतीतून घर उभे केले. मूल नाही. पतीचे आईवडील पूर्वीच गेले. एक भाऊ हयात आहे, दुसरा वारला असून त्याची मुले परगावी आहेत. पतीने मृत्युपत्र केले नाही, कारण ‘आपल्यामागे सारे हिचेच आहे’ अशी त्याची खात्री होती. पती गेला. वर्षश्राद्ध झाल्यावर एके दिवशी टपालाने नोटीस आली, आणि त्या बाईला प्रथमच समजले की पतीच्या अर्ध्या वाट्यात ती वारस नाही. गोव्याच्या कायद्यातील वारसाक्रम असा आहे: प्रथम मुले-नातवंडे, त्यानंतर आईवडील आदी पूर्वज, त्यानंतर भावंडे आणि त्यांची संतती, आणि त्यानंतर हयात असलेला जोडीदार. म्हणजे ज्या घरात तिने तीस वर्षे दिवा लावला, त्या घराचा अर्धा भाग दिराचा आणि पुतण्यांचा झाला. पुतण्यांना लोभीच म्हटले पाहिजे असे नाही. कायद्याने दिलेले त्यांनी मागितले. चूक झाली ती न केलेल्या कागदाची.

आणि उपाय किती सोपा होता! भावंडे ही राखीव हिश्शाची वारस नव्हेत. मुले आणि पूर्वज दोन्ही नसतील, तर माणूस आपला संपूर्ण अर्धा वाटा मृत्युपत्राने पत्नीला देऊ शकतो. आईवडील हयात असतील, तर त्यांचा राखीव हिस्सा सोडून उरलेला भाग देऊ शकतो. हा नियम पतीलाही तितकाच लागू आहे. पत्नी आधी गेली, तर तिचा अर्धा वाटा तिच्या भावंडांकडे जातो आणि तो वृद्ध गृहस्थ आपल्याच घरात मेहुण्यांचा सहमालक होऊन बसतो. म्हणून अपत्यहीन दांपत्याने दोघांची दोन स्वतंत्र मृत्युपत्रे केल्यावाचून राहू नये.

मृत्युपत्र कोठे करावे, हेही येथेच सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात माणूस साध्या कागदावर मजकूर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतो आणि ते मृत्युपत्र चालते. ते पाहून येथील काही मंडळीही तसेच करतात आणि कागद कपाटात ठेवतात. येथील कायद्याला ते पुरत नाही. येथे मृत्युपत्र विशेष नोटरीपुढे, म्हणजे सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात, करावे लागते. ते तेथील वहीत उघडपणे नोंदवावे, अथवा बंद ठेवावयाचे असल्यास विधिपूर्वक त्याची मान्यता घ्यावी. मनुष्य हयात असेपर्यंत ते केव्हाही बदलता येते. तेव्हा ‘एकदा लिहिले की हात बांधले’ ही भीती निराधार होय.

चौथे वळण मुलीच्या लग्नाचे. हिंदू वारसा कायदा १९५६ साली आला आणि वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. गोव्यात मुलीचा समान वाटा एकोणिसाव्या शतकापासून कायद्यात आहे. तरीही लग्नात दिलेल्या सोन्यावर बोट ठेवून ‘तुझे तुला पोचले’ असे म्हटले जाते. येथे दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात. हयात असलेल्या माणसाच्या वारशावरचा हक्क सोडताच येत नाही. म्हणून बोहल्यावर चढण्यापूर्वी मुलीकडून लिहून घेतलेल्या कागदाला किंमत नाही. वडील गेल्यावर ती हक्क सोडू शकते. परंतु तो सोडलेला वाटा सर्व सहवारसांचा होतो, एखाद्याच भावाचा होत नाही, आणि मुलगी विवाहित असेल तर जावयाचीही संमती लागते. बहीण राजीखुशीने हक्क सोडत असेल, तर तो तिचा मोठेपणा. परंतु काय सोडते आहे, हे तिला आकड्यांत सांगितल्याशिवाय तिची सही घेणे भावांना शोभत नाही.

पाचवे वळण घरातील कर्त्याच्या मृत्यूचे. या वेळी करावयाची कामे तीन. पहिले, मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्राचा शोध. दुसरे, वारस कोण हे ठरविणारा दस्त विशेष नोटरीपुढे करणे. तिसरे, प्रत्यक्ष वाटणी. सर्व वारस सज्ञान आणि एकमताचे असतील, तर ती नोटरीपुढील वाटणीपत्राने होते. एकमत नसेल, तर न्यायालयात इन्व्हेंटरी घालावी लागते. तेथे एकजण कुटुंबप्रमुख म्हणून नेमला जातो. जुने लोक त्याला ‘काबेसा-द-काझाल’ म्हणतात. त्याने मिळकतीची यादी शपथेवर द्यावयाची असते. एखाद्या वस्तूवर दोघांनी हक्क सांगितला, तर वारसांतच तिची बोली लागते; अधिक बोली करणाऱ्याला ती वस्तू मिळते आणि इतरांचे पैसे त्याने चुकते करावयाचे असतात. ऐकावयास हे न्याय्य वाटते आणि पुष्कळ अंशी ते तसे आहेही. परंतु जो भाऊ गावी राहून घराची कौले शाकारीत आला, त्याच्यापाशी रोकड नसते. परदेशी गेलेल्याकडे ती असते. वडिलार्जित घर बोलीत कोणाकडे जाईल, हे ज्याने त्याने ओळखावे. घर गावच्या मुलाकडेच राहावे अशी वडिलांची इच्छा असेल, तर त्यांनी ते मोकळ्या हिश्शात बसवून मृत्युपत्राने किंवा दानपत्राने हयातीतच ठरवून ठेवले पाहिजे.

या कामात होणारी दिरंगाई हे गोव्याचे जुने दुखणे आहे. आजोबा गेले, वाटणी झाली नाही. त्यांना चार मुले, तीही गेली. प्रत्येकाची तीन मुले धरली तर बारा नातवंडे, आणि मिळकत सामायिक असल्यामुळे त्यांचे बारा जोडीदार. जे काम चार भावंडे व त्यांचे जोडीदार मिळून आठ सह्यांनी झाले असते, त्याला आता चोवीस सह्या लागतात. त्यांतील काही मुंबईत, काही आखातात, काही लिस्बनला. एखादा वारस अज्ञान असेल, तर त्याच्या हिश्शासाठी न्यायालयाची परवानगी. दरम्यान फॉर्म एक व चौदावर नाव आजोबांचेच राहते. मृतांच्या नावावर पडून राहिलेल्या अशा जमिनी खोटे वारस आणि खोटे दस्त उभे करणाऱ्यांच्या नजरेत प्रथम भरतात. जमिनी बळकावण्याच्या अशा तक्रारी इतक्या वाढल्या की २०२२ साली गोवा सरकारला त्यांच्या तपासासाठी पोलिसांचे विशेष पथक आणि एका निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नेमावा लागला. ज्या घराने नावे वेळेवर चढविली, वाटणीचे कागद वेळेवर केले, त्याच्या वाटेस जाणे अशा लोकांना सोपे नसते.

सहावे वळण वैधव्याचे किंवा विधुरपणाचे, आणि क्वचित पुनर्विवाहाचे. पुनर्विवाह करण्यात काही गैर नाही. परंतु त्यापूर्वी पहिल्या संसाराची वाटणी पुरी करावी. तसे न झाल्यास पहिल्या जोडीदाराच्या मुलांचा वाटा कोणता आणि नव्या सामायिक मिळकतीत काय गेले, हा गुंता पुढच्या पिढीला उकलत नाही. घटस्फोट झाल्यासही सामायिक मिळकतीची विभागणी निकालापाठोपाठ करून घ्यावी, आणि जुने मृत्युपत्र व बँकेतील जुनी नावे त्याच आठवड्यात बदलावीत.

सातवे वळण स्थलांतराचे. या देवस्थानाचे महाजन आज गोव्यातच नाहीत. बेळगाव, कारवार, मुंबई येथे कित्येकांच्या पिढ्या गेल्या. कोणाला कोणता कायदा लागू, हे त्यामुळे आधी ठरवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या सप्टेंबरमध्ये असा निर्णय दिला की, गोव्याच्या अधिवासी माणसाची मिळकत गोव्याबाहेर असली तरी तिचा वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरतो. उलट, बेळगावात कायमचे स्थायिक झालेल्या हिंदू कुटुंबाला १९५६ चा कायदा लागू होतो. तेथे विवाहाने आपोआप अर्धा वाटा मिळत नाही. परंतु पतीच्या मागे विधवा, मुले, मुली आणि आई ही पहिल्या श्रेणीचे वारस म्हणून बरोबरीने येतात, आणि दीर-पुतणे तिच्या मागे राहतात. एकाच कुळातील दोन जावांची स्थिती अशी केवळ अधिवासामुळे भिन्न होते. गावाकडचा सल्ला शहरात आणि शहरातला गावात चालत नाही, तो यासाठी.

शेवटचे वळण वार्धक्याचे. या वयात मुलाच्या आग्रहाखातर दानपत्र करण्याची घाई पुष्कळांना होते. दान द्यावे, पण डोळे उघडे ठेवून द्यावे. घर देताना हयातभर राहण्याचा व उपभोगाचा हक्क स्वतःकडे आणि जोडीदाराकडे राखून ठेवता येतो. तो दस्तात लिहावा. पालनपोषणाच्या अटीवर दान असेल, तर ती अट शब्दांत स्पष्ट असावी; म्हणजे मुलाने सांभाळ न केल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली ते दान रद्द करून मागता येते. शिवाय एका मुलाला हयातीत दिलेले पुढील वाटणीत सामान्यतः हिशेबात धरले जाते, आणि ते इतरांच्या राखीव हिश्शावर आक्रमण करीत असेल तर तेवढे कमी होते. म्हणून एकाला गुपचूप देऊन दुसऱ्याला टाळता येईल, असा समज करून घेऊ नये.

बँकेत ‘नॉमिनी’ म्हणून लावलेल्या नावाबद्दलही असाच गैरसमज आहे. नॉमिनी हा सामान्यतः पैसे स्वीकारणारा, मालकी वारसांची. विम्याच्या बाबतीत १९८३ साली आणि भागभांडवलाच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व सांगितले. विम्यापुरता मात्र २०१५ च्या दुरुस्तीने फरक झाला, आणि आईवडील, जोडीदार किंवा मुले यांना नेमल्यास रक्कम त्यांच्याच हक्काची ठरते. सारांश, नॉमिनी अवश्य नेमावा, पण मृत्युपत्राचे काम त्याने भागत नाही.

महाजनहो, जत्रेच्या निमित्ताने वर्षातून एकदा सारे कूळ एकत्र येते. मुंबईचे येतात, बेळगावचे येतात, आखातातलेही रजा काढून येतात. महाप्रसादानंतरची ती दुपार या कामासाठी उत्तम आहे. घरातील वडिलांनी ट्रंक उघडावी आणि लेकीसुनांसह सर्वांसमक्ष यादी करावी: जमिनी कोणत्या, फॉर्म एक व चौदावर नाव कोणाचे, मात्रिजची नोंद आणि घरपट्टीची पावती कोठे, ठेवी कोणत्या बँकेत, विमा कोणता, कर्ज किती, मृत्युपत्र कोणत्या कार्यालयात. मागील जत्रेपासून घरात कोणाचे लग्न झाले, कोण जन्मले, कोण गेले, कोण परदेशी गेले, हे पाहून त्या त्या कागदात फरक करावयाचा काय, ते ठरवावे, आणि अडेल तेथे जाणत्या वकिलाला विचारावे. ज्या दांपत्याला मूल नाही, त्याने तर पुढच्या जत्रेची वाट पाहू नये; येत्या सोमवारी सब-रजिस्ट्रारचे कार्यालय गाठावे.

देवस्थानच्या समया मोजताना महाजन जी काळजी घेतात, तीच त्यांनी आपल्यामागे घरी राहणाऱ्या माणसांसाठी घ्यावी, एवढी विनंती करून हे भाषण पुरे करणे योग्य होईल.